मैल्याच्या पाण्यातून कोंबडीचा दाणा: वडाळा ते लोणार, एका हिरव्या कल्पनेचा इतिहास

आजच्या भागाचा विषय ऐकून जेवत असाल तर जरा थांबा, किंवा जेवण उरकून घ्या. कारण आज आपण बोलणार आहोत गटाराच्या पाण्याबद्दल, आणि त्या पाण्यातून खायचं काहीतरी पिकवण्याबद्दल. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

कल्पना एका वाक्यात सांगते. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतो. डोळ्यांना न दिसणारं, एकेका पेशीचं सूक्ष्म शेवाळ हे दोन्ही खाऊन वाढतं. पाणी साफ होतं, आणि वाढलेलं शेवाळ वाळवलं की त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. सोयापेंडीत साधारण तेवढीच असतात. म्हणजे एका तळ्यात दोन कामं: घाण गेली आणि कोंबड्या-गुरांचा खुराक आला.

सोशल मीडियावर ही कल्पना दर दोन-तीन वर्षांनी 'नवा शोध' म्हणून फिरते. ती नवी नाही. सत्तर वर्षांहून जुनी आहे. आणि तिच्यामागची मूळ भूक, म्हणजे मैल्यातून काहीतरी कामाचं काढायचं ही, त्याहून जुनी आहे. तिचं एक टोक आमच्या नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

वडाळ्याची टाकी

वडाळ्यातलं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय तुमच्यापैकी अनेकांनी बसमधून पाहिलं असेल. १८९० साली ते सुरू झालं तेव्हा त्या भागाला माटुंगा म्हणत आणि संस्थेचं नाव होतं होमलेस लेपर असायलम. घरातून हाकललेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी ते होतं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते हॅरी ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी वाचकांना ते आणखी एका कारणाने माहीत असायला हवेत: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. पोवाडे आणि मैला, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर.

आता, इंटरनेटवर तुम्हाला हमखास एक वाक्य सापडेल की जगातला पहिला बायोगॅस प्लांट १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बांधला गेला. हे वाक्य इतक्या पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवलंय की विचारू नका. पण साधा हिशेब करा. माटुंग्याचा आश्रमच १८९० चा. मग तिथे १८५९ साली टाकी कशी असेल? खरी गोष्ट त्यानंतरची आहे. १८९७ च्या सुमारास आश्रमातल्या मैल्याच्या बंद टाकीतून निघणारा वायू गोळा करून दिव्यांसाठी वापरला गेला. मुंबई म्युनिसिपालिटीचे ड्रेनेजचे इंजिनीयर सी. कारकीट जेम्स यांचं या प्रयोगांशी नाव जोडलेलं आहे. पुढे पूर्वेकडच्या शहरांच्या ड्रेनेजवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शेतीला दिलं जायचं.

शेवाळाचा इथे संबंध नव्हता. पण विचाराचा सांगाडा तोच होता: मैला हा नुसता टाकायचा माल नाही, त्यात ऊर्जा आहे, त्यात खत आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती परत येणार आहे. हा प्रयोग यशस्वी झाला तो एका कुंपणाच्या आत. किती माणसं, काय खातात, गटारात काय टाकतात, सगळं माहीत. बाहेरचं कुणाचं पाणी त्यात मिसळत नव्हतं.

हिरवी जोडगोळी

शेवाळ या गोष्टीत येतं दुसऱ्या महायुद्धानंतर. जगाची लोकसंख्या वाढतेय, अन्न पुरणार नाही, ही भीती तेव्हा सगळीकडे होती. अमेरिकेत क्लोरेला नावाच्या शेवाळावर जोरात काम सुरू झालं. कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९५३ साली त्यावर जाडजूड अहवाल काढला. एका एकरात गव्हापेक्षा कितीतरी पट प्रथिनं, असे हिशेब वर्तमानपत्रांत झळकू लागले.

पण क्लोरेला वाढवायचं तर खत लागतं, आणि खताला पैसे लागतात. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड नावाचे इंजिनीयर होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड गोटास यांनी वेगळाच विचार केला. खत फुकट मिळतं की! शहराच्या गटारात. १९५७ साली त्यांचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यांनी समजावलेली यंत्रणा फार सुंदर आहे. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात. त्यांना त्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि खाऊन झाल्यावर ते कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया सोडतात. शेवाळाला नेमकं हेच हवं असतं. ते ऊन घेऊन हे दोन्ही वापरतं आणि ऑक्सिजन सोडतं, जो पुन्हा जिवाणूंना मिळतो. म्हणजे शेजारी-शेजारी राहणारी दोन कुटुंबं, एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या ताटात. नेहमीच्या सांडपाणी केंद्रात हाच ऑक्सिजन पाण्यात घुसवायला मोठाले पंखे आणि ब्लोअर दिवसरात्र चालतात, आणि विजेच्या बिलातला मोठा वाटा त्यांचाच असतो. इथे ते काम सूर्य करतो.

ऑस्वाल्ड यांचं तळं उथळ होतं, साधारण एक फूट खोल, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचावं. शर्यतीच्या ट्रॅकसारखं लांबट गोल, आणि पाणी फिरत ठेवायला चाक. यात वाढलेलं शेवाळ साठच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी डुकरं, मेंढ्या आणि गुरांना खाऊ घालून पाहिलं. जनावरांनी खाल्लं. प्रथिनांचा बराच भाग अंगी लागला, पण शेवाळाच्या पेशीची भिंत चिवट, त्यामुळे बाकीचं नीट पचेना. पुढे इस्रायलमध्ये हैफा इथे गेदालिया शेलेफ यांच्या गटाने असंच शेवाळ कोंबड्यांना आणि माशांना दिलं. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने सांडपाण्यावर स्पिरुलिना वाढवून कोंबड्यांच्या खाद्यात वापरून पाहिलं आणि १९८३ साली ते प्रसिद्ध केलं.

म्हणजे 'हे होतं का?' या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. होतं. मग आपल्या अंड्यांच्या ट्रेमागे सोयापेंड का आहे, शेवाळ का नाही?

नागपूरचं तळं

याचं महाराष्ट्रातलं उत्तर शोधायला नागपूरला जावं लागतं. १९५८ साली तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून ती नीरी म्हणून ओळखली जाते. तिचं एक केंद्र आपल्या वरळीतही आहे. नव्या देशासमोरचा प्रश्न सोपा आणि अवघड होता: शेकडो गावं-शहरं, पैसा नाही, वीज नाही, पण जमीन आणि ऊन भरपूर. तर मैलापाणी साफ कसं करायचं?

नीरीचं एक उत्तर होतं ऑक्सिडेशन पाँड. साधं मातीचं तळं, चार-पाच फूट खोल. पाणी एका बाजूने येतं, काही दिवस उन्हात पडून राहतं, हिरवं होतं, दुसऱ्या बाजूने बरंच स्वच्छ होऊन जातं. ना चाक, ना ब्लोअर. संस्थेचे सोली अर्सीवाला आणि सहकारी यांनी १९७० साली भारतात अशी तळी कशी आखावीत, बांधावीत आणि चालवावीत याचं पुस्तकच काढलं. परदेशी आकडे इथे चालत नाहीत, नागपूरचं ऊन म्हणजे लंडनचं ऊन नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण होतं.

आणि इथेच या कल्पनेची पहिली मोठी अडचण समोर येते. तळं हिरवंगार झालं, प्रथिनांनी भरलं. आता ते शेवाळ बाहेर काढा बघू!

एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, कधी त्याहून लहान. कपड्याने गाळली जात नाही. तळाशी सहजी बसत नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात फिरवून वेगळं करायचं यंत्र, वापरलं तर विजेचा खर्च. तुरटीसारखं काही टाकून खाली बसवलं तर ती तुरटी खाद्यात. मग वाळवायचं, त्याला पुन्हा इंधन. पाणी साफ करणं सूर्याने फुकट केलं, पण 'पीक' कापायला आलं की बिल फाटलं.

गाळू नका, खाऊ द्या

याचं सगळ्यात हुशार उत्तर प्रयोगशाळेतून आलं नाही, कोलकात्याच्या मच्छीमारांकडून आलं. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरचा पाणथळ पट्टा आहे. १९३० च्या आसपासपासून तिथले लोक शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत घेतात. त्यांना ते भेडी म्हणतात. ऊन पडतं, शेवाळ वाढतं, आणि रोहू-कटलाच्या जातीचे मासे ते थेट किंवा त्यावर जगणारे बारीक जीव खातात. शेवाळ गाळायची गरजच नाही. गाळणी म्हणजे मासा. आणि मासा जाळ्यात पकडता येतो, बाजारात विकता येतो.

ध्रुवज्योती घोष नावाचे इंजिनीयर होते. शहराचं सांडपाणी नेमकं जातं कुठे हे शोधत ते या तळ्यांपाशी पोचले आणि मग आयुष्यभर त्यांच्यासाठी भांडले. २००२ साली हा भाग रामसर यादीत आला. नागपूरच्या नीरीतही सांडपाण्याच्या तळ्यांत मासे वाढवायचे प्रयोग झाले होते. पण कोलकात्यात ते प्रयोग नव्हते, ते हजारो लोकांचं पोट होतं. म्हणून टिकलं.

प्रथिनांचं भांडण

दुसरी अडचण विज्ञानाची नव्हती, पैशाची आणि मताची होती. आणि यात एक मराठी नाव मध्यभागी आहे.

साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांत 'प्रथिनांची दरी' हा शब्द परवलीचा झाला होता. गरीब देशांना प्रथिनं कमी पडतायत, मोठं संकट येतंय, असं १९६८ च्या अहवालात ठासून सांगितलं गेलं. शेवाळ, यीस्ट, पेट्रोलियमवर वाढवलेले जिवाणू, अशा सगळ्या संशोधनाला यातून निधी मिळत होता.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ, अनेक वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. त्यांनी भारतीय आहाराचे आकडे तपासले आणि म्हणाले, थांबा. ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडतंय. पोट भरलेलं नसेल तर शरीर खाल्लेली प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं. भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. म्हणजे प्रश्न नव्या पावडरीचा नाही, मजुरीचा आणि भाकरीचा आहे. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनी या सगळ्या प्रथिन-मोहिमेला फजिती म्हटलं. वारा फिरला आणि पुढे निधीही आटला.

सुखात्म्यांच्या काही मतांवर नंतर जोरदार टीका झाली, कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं या मतावर तर विशेष. पण मला त्यांचा मूळ प्रश्न अजूनही महत्त्वाचा वाटतो. कुणी 'सुपरफूड' घेऊन आलं की आधी विचारायचं: हे नेमकं कुणाच्या ताटात जाणार आहे?

आणि झालंही तसंच. म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये १९७३ पासून जर्मनीच्या मदतीने शेवाळावर उत्तम काम झालं. चेन्नईत सी. व्ही. शेषाद्री यांनी खेड्यातल्या बायकांना घरामागे करता येईल अशी स्पिरुलिनाची पद्धत बसवायचा प्रयत्न केला. आज स्पिरुलिना मेडिकलच्या दुकानात गोळीच्या रूपात मिळते. ती स्वच्छ पाण्यात, विकतच्या खतावर वाढवलेली असते. म्हणजे कल्पनेतली प्रथिनं श्रीमंताच्या ताटात गेली आणि गटार जिथल्या तिथे राहिलं. दरम्यान लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन पसरलं, आणि कोंबडीच्या खाद्यात पेंड स्वस्तात मिळू लागली. शेवाळाला त्या भावाशी टक्कर देता आली नाही.

लोणार सांगतं ते

स्पिरुलिना म्हटलं की परदेशातलं काहीतरी वाटतं. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका ती गाळून, वाळूवर वाळवून वड्या करतात. मेक्सिकोत स्पॅनिश लोक आले तेव्हा ॲझटेक बाजारात ती विकली जात होती. पण ती आपल्या बुलढाण्यातही आहे. लोणारच्या उल्कापाताने झालेल्या विवरातलं पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी आहे की तिथे फारसं काही जगत नाही. जे जगतं त्यात स्पिरुलिना भरपूर. तळ्याचा हिरवा रंग तिच्यामुळे.

जून २०२० मध्ये ते तळं अचानक गुलाबी झालं, तेव्हा तुम्ही फोटो फॉरवर्ड केले असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की खारेपणा वाढल्याने मिठात जगणारे सूक्ष्मजीव बळावले आणि त्यांच्या रंगद्रव्याचा तो रंग. गंमत म्हणजे आघारकरचं जुनं नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, आणि निवृत्तीनंतर सुखात्मे तिथेच काम करत होते.

लोणार एक गोष्ट शिकवतं. सूक्ष्मजीव हे नोकर नाहीत. पाण्यात काय आहे त्यावर तळ्यात कोण राहणार ते ठरतं. पाणी बदललं की भाडेकरू बदलतात. ज्याला सांडपाण्यावर एकाच जातीचं, एकाच प्रतीचं खाद्य पिकवायचंय, त्याच्यासाठी ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे.

नायगावचा हिशेब

आता घरी येऊ. नायगावच्या बीडीडी चाळी, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. ४२ इमारती, प्रत्येकी साधारण ८० खोल्या, १६० चौरस फुटांच्या. संडास मजल्यावर सामायिक. आता म्हाडा तिथे टॉवर उभे करतंय आणि संडास घराच्या आत आलाय. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका.

समजा, या जुन्या वस्तीचं पाणी ऑस्वाल्डच्या तळ्यात साफ करायचं ठरवलं. हा माझा पाठ-कागदी हिशेब आहे. सुमारे ३,३०० खोल्या, घरटी ५ माणसं, म्हणजे १६,५०० माणसं. माणशी रोज ११० लिटर सांडपाणी. तळं एक फूट खोल, पाणी ५ दिवस ठेवायचं. तर माणशी जवळजवळ १.८ चौरस मीटर तळं लागतं. एकूण ३ हेक्टर. चाळींची पूर्ण जागा आहे साडेसहा हेक्टरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अर्धी जागा तळ्याला! चांगल्या उन्हात रोज ३०० ते ४०० किलो सुकं शेवाळ मिळेल, पण त्यासाठी रोज १८ लाख लिटर पाणी गाळावं लागेल. लिटरमागे पाव ग्रॅमही नाही. पावसाळ्यात त्याहून कमी.

शहरात जमीन सोन्याची, म्हणून मुंबई वीज खर्चते. जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं, एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. ती हवीतच. आजवर आपण बरंचसं पाणी जेमतेम गाळून समुद्रात सोडत आलोय.

पण जमिनीपेक्षा मोठा अडसर वेगळा आहे. वडाळ्याचं कुंपण आठवा. शेवाळाची पेशी जड धातूंना चिकटून धरते. शिसं, कॅडमियम, क्रोमियम जे असेल ते. पाणी साफ करायचं असेल तर हा तिचा गुण आहे. कोंबडीला खायला घालायचं असेल तर हाच दोष. जितकं चांगलं झाडलं, तितका केर सुपात. माणसाच्या मैल्याची भीती एकवेळ उष्णता देऊन घालवता येते, शिसं उकळून जात नाही. आपल्या शहरात घरचं पाणी, गॅरेजचं तेल, प्लेटिंगच्या खोपट्यातलं ॲसिड, दवाखान्याचं पाणी, सगळं एकाच पाइपात जातं. त्या पाइपातून खाद्य काढायचं म्हणजे सगळ्यात बेफिकीर माणसाने काय ओतलं, ते सगळ्यांनी खायचं.

म्हणून मला वाटतं, या कल्पनेला भविष्य आहे ते जिथे पाणी कुठून आलं हे ठाऊक आहे तिथे. दूध डेअरीचं धुण्याचं पाणी, साखर कारखान्याचं, मत्स्यशेतीचं, गोठ्याचं. महाराष्ट्रात अशा जागा कमी नाहीत, आणि तिथे जमीनही आहे, जनावरंही शेजारीच. शहराच्या मिश्र गटारावर शेवाळ वाढवायचं असेल तर खुशाल वाढवा, पण ते खत किंवा वायू करायला वापरा. नाहीतरी वडाळ्याच्या टाकीने तेच केलं होतं.

पुढच्या वेळी 'गटारातून प्रोटीन' असा व्हिडिओ आला, तर शेअर करण्याआधी दोन प्रश्न विचारा. पाइपात आणखी कोण ओततंय? आणि शेवाळ बाहेर काढायचा खर्च कोण देतंय? उत्तर असेल तर मलाही पाठवा, मी खरंच उत्सुक आहे.

तुमच्या गावात, कारखान्यात किंवा तालुक्यात ऑक्सिडेशन पाँड असेल, चालू किंवा पडीक, तर व्हॉइस नोट करून सांगा: कधी बांधलं, अजून हिरवं आहे का, त्यात मासे आहेत का, आणि ते कोण खातं. पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच आवाजात ऐकू. भेटू, काळजी घ्या.